चांद्याचा वेढा : पडद्यावरचा आणि खराखुरा

"मामा, एकच मिनिट! माझा किल्ला पडून राहिला ना गा!"

दोस्तांनो, मे महिन्याच्या सुटीत हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा तरी ऐकलं असेल. जेवायला हाक मारा, हेच उत्तर. आंघोळीला जा म्हणा, हेच उत्तर. कोपऱ्यावरून दही आणायला सांगा, तरी यांचा किल्ला आपला पडतोच आहे!

वाक्य माझ्या भाच्याचं. स्वारी आठवी पास होऊन नववीत गेलेली. घर चंद्रपुरात, पठाणपुरा दरवाज्याच्या आतल्या बाजूला. आणि चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे काय, ते तुम्ही ऐकून असालच. पारा ४६-४७ अंशांवर जातो. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मग काय, कूलरसमोर खुर्ची, खुर्चीसमोर कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरवर लढाई!

"दादा, तू तरी समजाव याला. दिवसभर नुसती मारामारी!" माझी धाकटी बहीण वैतागून म्हणाली. मी मोठ्या ऐटीत समजवायला गेलो. आणि खरं सांगू? त्याच्या शेजारी खुर्ची टाकून दोन तास तिथंच बसलो!

लढाई की संसार?

त्या खेळाचं नाव 'एज ऑफ एम्पायर्स'. त्याचा दुसरा भाग १९९९ मध्ये निघाला, म्हणजे माझा भाचा जन्मायच्या कितीतरी आधी. २०१९ मध्ये तो नव्या रंगरूपात आला, म्हणून आजची मुलंही तो खेळतात. २०२२ मध्ये तर त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर फौजाही सामील झाल्या.

अशा खेळांना 'रिअल टाइम स्ट्रॅटेजी' म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर, कोणासाठी न थांबणारा डावपेचांचा खेळ. बुद्धिबळात तुम्ही घोडा हलवला की समोरचा डोकं खाजवत बसतो आणि तुम्ही निवांत चहा पिता. इथं तसं नाही. तुम्ही विचार करत बसलात तरी शत्रू आपलं काम करतच असतो. १९९२ मध्ये आलेल्या 'ड्यून टू' या खेळानं ही तऱ्हा लोकप्रिय केली. पुढं तिच्यातून शेकडो खेळ निघाले.

सुरुवातीला तुमच्याजवळ काय असतं? गावाच्या मधोमध एक मोठी इमारत, तीन गावकरी आणि टेहळणीला एक घोडेस्वार. बस्स! बाकी सगळा नकाशा काळाकुट्ट. तुमचा माणूस जिथं पोचेल तेवढाच भाग उजळतो. तो तिथून निघाला की त्या भागावर पुन्हा धुकं चढतं. झाडं दिसतात, डोंगर दिसतात. पण तिथं आत्ता कोण काय करतंय, ते मात्र दिसत नाही.

मला वाटलं होतं, लढाईचा खेळ म्हणजे पहिल्या मिनिटापासून खणाखणी. पण हा पठ्ठ्या पहिली पंधरा मिनिटं मेंढ्या हाकत होता, झुडपांवरची फळं तोडत होता, लाकडं फोडत होता! एक गावकरी तयार करायला ५० अन्न लागतं. एक शेत करायला ६० लाकूड. शिवाय सोनं आणि दगड खणायचे ते वेगळेच.

मी म्हटलं, "अरे, ही लढाई आहे की संसार?"

"मामा, ज्याचा संसार बरा तोच जिंकते," भाचेबुवा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले.

बोलणं अगदी खरं होतं! कुठल्याही लढाईत शिपाई दिसतात. पण त्यांच्या पोटात भाकर, पायात जोडा आणि हातात भाला येतो तो मागं राबणाऱ्या माणसांमुळं. ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात चार ओळींत येते. खेळात ती हातानं करावी लागते.

जंगलाला पडलं भगदाड

त्या दिवशी त्यानं जो नकाशा घेतला होता त्याचं नाव 'ब्लॅक फॉरेस्ट'. नावाप्रमाणं सगळीकडं दाट जंगल. दोन गावांना जोडणाऱ्या वाटा अगदी अरुंद. भाच्यानं वाटेवर दगडी भिंत घातली, फाटक बसवलं आणि हात चोळत म्हणाला, "आता येऊ दे कोण येते ते! दोन्ही बाजूला जंगल आहे. जंगलातून फौज जाऊ शकत नाही."

अर्धा तास छान गेला. त्याची फौज तयार होत होती, गावकरी खाली मान घालून राबत होते. आणि अचानक गावाच्या मागच्या बाजूनं लाल रंगाचे घोडेस्वार घुसले! फाटक तर बंदच होतं. मग आले कुठून?

आम्ही दोघांनी शोधलं. एका कोपऱ्यात त्याचे आठ-दहा लाकूडतोडे सुरुवातीपासून झाडं तोडत होते. या खेळात एका झाडातून १०० लाकूड निघतं आणि तोडलेलं झाड काही पुन्हा उगवत नाही. तोडता तोडता ते पार पलीकडं निघाले होते! ज्यांनी याचं कोठार भरलं, त्यांनीच शत्रूला वाट करून दिली होती.

"वा रे बहाद्दर!" मी म्हटलं. "जंगलाच्या जिल्ह्यातला पोरगा तू, अन् जंगल हाच आपला तट आहे, हे विसरलास?"

"मी तिकडं पाहिलंच नाही गा मामा," तो रडवेला होऊन म्हणाला. "मी फाटकाकडंच पाहून राहिलो होतो."

त्याचं हे वाक्य ऐकलं आणि मला एक जुनी गोष्ट आठवली. अगदी त्याच्या घराजवळची.

"बंद कर ते. उद्या सकाळी सहाला तयार राहा. तुला खराखुरा वेढा दाखवतो."

सशानं आखलेला तट

चंद्रपूरच्या मुलांना तटाचं काही कौतुक नसतं. शाळेत जाता-येता जटपुरा गेटातल्या गर्दीत अडकायचं आणि हॉर्न ऐकायचे, एवढीच त्यांची ओळख. पण सकाळच्या गार वाऱ्यात तटावर चढून पाहा, मग कळतं!

या तटाचं काम गोंड राजा खांडक्या बल्लाळशहानं सुरू केलं असं मानतात. त्याची गोष्ट गमतीची आहे. राजा शिकारीला गेला असताना त्याला दिसलं, की एक ससा चक्क त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करतोय! राजानं घरी येऊन राणीला सांगितलं. राणी शहाणी. ती म्हणाली, ही जागा शूरांची आहे. ससा आणि कुत्रा ज्या वाटेनं धावले त्या वाटेवरच तट बांधा. पुढच्या राजांनी काम चालू ठेवलं आणि सुमारे दहा किलोमीटर घेराचा दगडी तट उभा राहिला. उंची पंधरा-वीस फूट. चार मोठे दरवाजे : जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. शिवाय पाच लहान दरवाजे. त्यांना इथं 'खिडकी' म्हणतात. दरवाज्यांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. पश्चिमेला इरई नदी, पूर्वेला झरपट.

मधल्या काळात या तटावर झाडंझुडपं माजली होती, कचरा साठला होता. २०१७ मध्ये 'इको-प्रो' संस्थेच्या स्वयंसेवकांनी रोज सकाळी कुदळी-फावडी घेऊन तो साफ करायला घेतला. म्हणून आम्हा मामा-भाच्यांना तटावरून चालता आलं.

आग्नेयेच्या बाजूला आलो आणि मी थांबलो. "बस इथं. आता ऐक."

वीस मे, पहाट

१७५१ पासून चांदा नागपूरकर भोसल्यांकडं होतं. चांदा म्हणजे आपलं चंद्रपूरच. नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. तीत इंग्रज जिंकले. मार्च १८१८ मध्ये त्यांनी अप्पासाहेबांना कैद केलं. तिकडं दुसरे बाजीराव पेशवे इंग्रजांना चुकवत चांद्याच्या दिशेनं निघाले होते. पण १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ कर्नल ॲडम्सनं त्यांचा पराभव केला. मग ॲडम्सनं आपला मोर्चा चांद्याकडं वळवला.

९ मे १८१८ रोजी त्याची फौज तटासमोर येऊन उभी राहिली. आत किल्लेदार होता गंगासिंग. दरवाजे उघडायला त्यानं नकार दिला.

"तट तर भक्कम होता ना? मग भ्यायचं काय?" भाच्यानं विचारलं.

"गणितात किती मार्क पडले तुला?" मी विचारलं. "कर हिशेब. तट दहा किलोमीटर. आत शिपाई दोन-तीन हजारांच्या घरात. सगळे शिपाई एकाच वेळी तटावर उभे केले, तर एकेकाच्या वाट्याला किती तट येतो?"

त्यानं बोटं मोडली. "दहा हजार मीटर... तीन ते पाच मीटर!"

"आणि कोणी झोपायचं नाही? जेवायचं नाही? भर मे महिन्यात, चांद्याच्या उन्हात, दिवसरात्र?"

तो गप्प झाला.

दोस्तांनो, वेढ्याची खरी मेख इथं आहे. आतल्याला सगळा तट सांभाळावा लागतो. बाहेरच्याला मात्र एकच जागा पाडायची असते. ॲडम्सनं आधी किल्ल्याची पाहणी केली आणि आग्नेय कोपरा निवडला. तोफांसाठी मोर्चे बांधले. १९ मे रोजी मोठ्या तोफा धडाडल्या आणि तटाला खिंडार पडलं. २० मेच्या पहाटे फौज त्या खिंडारातून आत शिरली. या लढाईत गंगासिंग मारला गेला. चांदा पडलं.

आणि मदत? ती कुठून येणार! बाजीरावांची फौज आधीच उधळली होती. ३ जूनला ते इंग्रजांच्या स्वाधीन झाले. अप्पासाहेब त्याच मे महिन्यात, कैदेत अलाहाबादकडं नेत असताना, पहाऱ्यातून निसटून महादेवाच्या डोंगरात शिरले. पण तो मुलूख इथून शेकडो किलोमीटर दूर. तिथला निरोप पायी आणि घोड्यावरून इथं यायचा, तोही वेढा फोडून!

"म्हणजे त्यांच्यावर पण धुकं होतं," भाचा हळूच म्हणाला.

"हो. आणि तुला खेळात वरून दिसतं तसं, पाखरासारखं, त्यांना दिसत नव्हतं. या तटावरून नजर जाईल तेवढंच."

चिंचोक्यांचा वेढा

आता तुम्ही म्हणाल, बातमी बातमी काय करता, शिपाई जास्त असते तर झालं असतं! मग एक खेळ करून पाहा. याला कॉम्प्युटर नको, वीज नको. चिंचोके आणि एक दोस्त पुरे.

अंगणात खडूनं मोठं वर्तुळ काढा. त्याचे १२ भाग करून त्यांना आकडे द्या. हा तुमचा तट. किल्लेदाराला द्या २४ चिंचोके आणि हल्लेखोराला १२. म्हणजे किल्लेदार दुप्पट श्रीमंत!

हल्लेखोरानं १ ते १२ मधला एक आकडा गुपचूप चिठ्ठीवर लिहायचा. त्याचे सगळे चिंचोके त्याच भागावर चालून येणार. मग किल्लेदारानं आपले चिंचोके तटावर मांडायचे. चिठ्ठी उघडा. त्या भागात किल्लेदाराचे १२ किंवा जास्त चिंचोके असले तर तट टिकला. कमी असले तर पडला.

किल्लेदारानं सारखे वाटले तर प्रत्येक भागाला दोनच येतात. तट पडतो! कुठंतरी बारा-बारा ठेवून नशिबावर हवाला टाकला, तरी बहुतेक वेळा पडतोच.

आता किल्लेदाराला एक जासूद द्या. म्हणजे मांडणी करण्याआधी त्याला एक प्रश्न विचारता येईल. उत्तर फक्त हो किंवा नाही. "हल्ला १ ते ६ मध्ये आहे का?" झालं, सहा भाग मोकळे! उरलेल्या सहांवर चार-चार चिंचोके. दोन जासूद दिले तर तीन भाग उरतात, आठ-आठ चिंचोके. अजूनही तट पडतो. पण तीन जासूद दिले की फार तर दोन भाग उरतात. बारा-बारा! तट टिकला!

पाहिलंत? चिंचोका एकही वाढवला नाही. वाढली ती फक्त बातमी.

आम्ही हा खेळ ताईच्या अंगणात सात वेळा खेळलो. शेवटच्या दोन डावांत ताईही बसली, आणि तिनं आम्हा दोघांनाही हरवलं!

जंगल हाच ज्याचा तट

याच मुलखात एक लढाई अशीही झाली, जिच्यात दगडी तट नव्हताच.

चांदा पडल्यानंतर चाळीस वर्षांनी, १८५८ मध्ये, अहेरीकडच्या जमीनदार घराण्यातला बाबूराव शेडमाके हा तरुण गोंड वीर इंग्रजांविरुद्ध उठला. वय पंचविशीचं. आजच्या गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतलं जंगल त्याला तळहातासारखं माहीत. मार्च महिन्यात त्यानं राजगडावर हल्ला केला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यानं फौज पाठवली. नांदगाव-घोसरीला लढाई झाली. जंगलात कोण कुठं आहे, हे बाबूरावाच्या माणसांना ठाऊक आणि इंग्रजांच्या डोळ्यांपुढं मात्र धुकं!

२९ एप्रिलच्या रात्री प्राणहिता नदीकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या माणसांचा तळ होता. त्याच्यावर हल्ला झाला आणि गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले. तार म्हणजे काय? बातमी घोड्यापेक्षा वेगानं नेण्याचं साधन. म्हणजे इथंही घाव बातमीवरच बसला होता.

पण इंग्रजांनीही मग इथल्याच माणसांची मदत घेतली. जंगल जाणणाऱ्यांना जंगल जाणणारेच पकडू शकतात. बाबूराव पकडला गेला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. २००९ मध्ये त्याच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघालं. आजही दरवर्षी त्या दिवशी लोक चंद्रपूरच्या तुरुंगातल्या पिंपळापाशी त्याला वंदन करायला जमतात.

तू कोणत्या बाजूनं खेळतोस?

तटावरून उतरताना भाचा एकदम थांबला. "मामा, त्या खेळात दगड फेकायचं मोठं यंत्र असते. ट्रेबुशे म्हणतात. मी तर नेहमी तेच लावतो अन् तट पाडतो. मजा येते."

"बरं मग?"

"तोफा त्या तिकडं होत्या. अन् आपलं घर..." त्यानं मागं वळून पाहिलं. "आपलं घर तर आत आहे."

मी काही बोललो नाही. पडद्यावर गावकरी मेला की वरचा आकडा एकानं कमी होतो. ५० अन्न खर्च केलं की दुसरा उभा. खऱ्या वेढ्यात तसं कसं होईल? चांद्याच्या तटाच्या आत विणकर होते, कुंभार होते, शाळेच्या वयाची पोरं होती. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, तुम्ही कोणत्या बाजूनं खेळता म्हणून.

आपल्या गडचिरोलीच्या, विशेषतः एटापल्ली-भामरागडकडच्या दोस्तांना हे वेगळं सांगायला नको. १९८० च्या दशकापासून तिथल्या गावांनी नक्षलवादी आणि पोलीस यांच्यातला संघर्ष वर्षानुवर्षं सोसला. दोन बंदुकांच्या मध्ये कोण असतं? गावकरीच!

म्हणून आई-बाबांना एक विनंती. मुलगा लढाईचा खेळ खेळतो म्हणून नुसतं रागावू नका. एकदा शेजारी बसा. "या गावकऱ्यांचं काय होतं रे?" एवढंच विचारा. आणि सुटीत एकदा जवळचा एखादा खराखुरा किल्ला पायी फिरून दाखवा. खेळाची वेळ ठरवणं मग सोपं जातं, कारण बोलायला दुसरंही काही असतं.

त्या संध्याकाळी भाचा पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसला. मी मुद्दाम मागं उभा राहिलो. थोड्या वेळानं नकाशाच्या कडेला लाल घोडेस्वार दिसले. एरवी यानं आधी आपले शिपाई सोडले असते. त्या दिवशी त्यानं आधी एक बटण दाबलं. घणघण घंटा वाजली. शेतातले, जंगलातले सगळे गावकरी हातातलं काम टाकून धावत सुटले आणि मोठ्या इमारतीत शिरले. मग त्यानं फौज बाहेर काढली.

तेवढ्यात ताईची हाक आली, "जेवायला चला!"

मी वाट पाहत होतो, आता येईल ते वाक्य. पण स्वारी चक्क उठली!

"अरे, आणि तुझा किल्ला? तो पडेल ना!"

"नाही पडत गा मामा. थांबवून ठेवला. एक बटण असते."

"म्हणजे इतके दिवस थांबवायचं बटण होतं? आणि तू आम्हाला 'एकच मिनिट, एकच मिनिट' करत होतास, लबाडा?"

तो हसत हसत हात धुवायला पळाला. दारापाशी पोचल्यावर मात्र थबकला आणि म्हणाला, "पण मामा, गंगासिंगजवळ ते बटण नव्हतं, नाही का?"